आत्सुमोरी: मारणारा आणि मेलेला, दोघांत उभे राहिलेले एक नोह नाटक

नेपथ्य (धागालेखक)

शोक आणि सूड या विषयांवरची नाटके आपण पुष्कळ पाहिली आणि वाचली आहेत. त्यांतील बहुतेकांत सूड घेणारा हा मेलेल्याचा कोणीतरी आप्त असतो: मुलगा, बाप, भाऊ किंवा पत्नी. मेलेला माणूस स्वतः परत येतो, ज्याने मारले त्याच्यासमोर उभा राहतो, आणि तो मारेकरी मात्र त्याच्याच शोकात तिथे आधीपासून बसलेला असतो, अशी रचना इतक्या निखळ रूपात मला एकाच नाटकात आढळली. जपानमधील झेआमी मोतोकियो (सुमारे 1363 ते 1443) याचे 'आत्सुमोरी' हे ते नोह नाटक, म्हणजे मुखवटा, गायन आणि संथ नृत्य यांवर उभ्या असलेल्या जुन्या जपानी नाट्यप्रकारातले नाटक. झेआमीने नाट्यलेखनावर 1423 साली लिहिलेल्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे, म्हणजे ते किमान सहाशे वर्षे जुने आहे, आणि आजही ते नेमाने सादर होते.

कथेचा आधार 'हेइके मोनोगातारी' या युद्धकाव्यात आहे. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तायरा आणि मिनामोतो या दोन घराण्यांत जे युद्ध झाले, त्यातील इचिनोतानीची लढाई मार्च 1184 मध्ये आजच्या कोबे शहराजवळच्या समुद्रकाठी लढली गेली. तायरांचा पराभव झाला आणि ते होड्यांकडे पळाले. मिनामोतोंच्या बाजूचा कुमागाई नाओझाने हा चाळिशी ओलांडलेला योद्धा तोलामोलाचा शत्रू शोधत किनाऱ्यावर फिरत होता. पाण्यात घोडा घातलेल्या एका स्वाराला त्याने हाक मारून परत बोलावले, खाली पाडले आणि डोके कापण्यासाठी शिरस्त्राण मागे सारले, तर आत सोळा-सतरा वर्षांचा मुलगा दिसला, त्याच्या स्वतःच्या मुलाच्या वयाचा. त्याच सकाळी त्याचा मुलगा कोजिरो किरकोळ जखमी झालेला पाहून आपला जीव कसा कासावीस झाला होता, हे त्याला आठवले. त्याला मुलाला सोडायचे होते, परंतु मागून आपल्याच बाजूचे स्वार येत होते आणि त्यांच्या हाती तो वाचणार नव्हता. शेवटी कुमागाईने रडत रडत त्याचे डोके कापले. मृताच्या कमरेला किनखापी पिशवीत बासरी सापडली, आणि पहाटे शत्रूच्या छावणीतून आलेले सूर याच मुलाचे होते, हे त्याला कळले. तो मुलगा म्हणजे तायरा नो आत्सुमोरी, तायरांचा सर्वसत्ताधीश कियोमोरी याचा पुतण्या. पुढे कुमागाईने संन्यास घेतला.

झेआमीचे नाटक यानंतर सुरू होते. कुमागाई आता रेन्शो नावाचा भिक्षू आहे आणि आत्सुमोरीसाठी प्रार्थना करायला इचिनोतानीला आला आहे. तिथे त्याला बासरी ऐकू येते. गवत कापणारे काही तरुण येतात, गवत्यांनी बासरी वाजवण्यात नवल ते काय, यावर सुंदर संवाद होतो, इतर निघून जातात आणि एक मागे राहतो. तो भिक्षूला अमिताभ बुद्धाचे नाम दहा वेळा घ्यायला सांगतो, आत्सुमोरीशी आपले नाते असल्याचे सुचवतो आणि नाहीसा होतो. मध्यंतरात एक गावकरी साध्या गद्यात सगळा इतिहास सांगतो. रात्रभर रेन्शो नामजप करत असता आत्सुमोरी योद्ध्याच्या वेषात प्रकट होतो, तायरांच्या वैभवाचा आणि पडझडीचा वृत्तांत गातो, लढाईच्या आदल्या रात्रीचे गाणेबजावणे आठवून नाचतो, आणि अखेरीस स्वतःचा मृत्यू साकार करतो.

पात्रे मोजली तर दोनांहून अधिक भरतात, हे मान्य आहे. तरीही नोहची मांडणी मुळातच दोन नटांवर उभी असते. 'शिते' हा मुख्य नट मुखवटा घालतो आणि नाचतो. 'वाकी' हा दुसरा नट मुखवटा घालत नाही. तो प्रवासी किंवा भिक्षू म्हणून येतो, प्रश्न विचारतो आणि नंतर उजवीकडच्या खांबापाशी बसून राहतो. या दोन भूमिकांची घराणीही वेगळी आहेत आणि वाकीच्या घराण्यातला नट आयुष्यात कधी शिते होत नाही. बहुतेक नाटकांत वाकी हा कोणी अनामिक भिक्षू असतो, ज्याच्या जागी दुसरा भिक्षू आला तरी चालले असते. इथे मात्र झेआमीने त्या बसून पाहणाऱ्याच्या जागी खुद्द मारेकऱ्याला बसवले आहे, आणि माझ्या मते नाटकाचे सारे सामर्थ्य या एका निर्णयात आहे.

शेवटचा प्रसंग पाहा. आत्सुमोरीचे भूत एकट्याने दोघांची लढाई करून दाखवते: मागून कुमागाई आला, आत्सुमोरीने घोडा वळवला, दोन-तीन वार झाले, घोड्यावरच झोंबाझोंबी झाली, दोघे लाटांच्या काठी एकमेकांवर कोसळले आणि तो मारला गेला. हे सगळे चालू असताना खरा कुमागाई तीन-चार पावलांवर गप्प बसला आहे. मग भूत म्हणते की कर्माचे चक्र फिरले आणि आपण पुन्हा भेटलो, शत्रू तो हाच, आणि त्याच्यावर तलवार उगारते. मात्र ज्याने वैराची फेड उपकाराने केली, जो आपल्यासाठी नाम घेत राहिला, तो आणि आपण शेवटी अमिताभाच्या स्वर्गात एकाच कमळावर जन्म घेणार आहोत, तेव्हा रेन्शो हा शत्रू नव्हे, असे म्हणून ते वार करत नाही. 'माझ्यामागे प्रार्थना करीत राहा' एवढे मागून नाटक संपते.

सूड इथे कोणी उपदेश केल्यामुळे टळत नाही. रेन्शो 'मला क्षमा कर' असे एकदाही म्हणत नाही. त्याने जे केले ते भुताच्या येण्याआधी केले, कोणी पाहत नसताना, आणि भूत येते तेव्हा त्याला शोकाचे हे काम आधीच चालू असलेले दिसते. ज्यांनी हे नाटक वाचले किंवा पाहिले आहे, त्यांना हा शेवट कसा वाटला?

चिपळी

लेख फार मनापासून लिहिला आहे. या नाटकाचा अनुवाद मी वाचला आहे, पण वाचताना एक अडचण सतत येत होती. कित्येक ओळी कोण बोलते हेच नीट कळत नाही. आत्सुमोरी 'मी' म्हणून सुरुवात करतो आणि पुढचे वाक्य गायकवृंद पुरे करतो. तो वृंद नेमका कोणाच्या बाजूचा असतो?

नेपथ्य

वृंदाला स्वतःचे पात्र नसते. साधारणपणे आठ गायक रंगमंचाच्या उजव्या कडेला दोन ओळींत बसतात आणि शितेच्या मुखातले शब्द त्याच्याच 'मी'ने पुढे नेतात. शिते नाचत असतो तेव्हा तर बहुतेक सगळे वृंदच गातो. ग्रीक शोकांतिकेतील वृंद नाटकातल्या घटनांवर मत देतो, नायिकेला सल्ला देतो, भीतीही घालतो. इथे तसे काही घडत नाही.

तुम्ही म्हणता ती गोष्ट दोन नटांच्या संवादातही आहे आणि तिकडे मुद्दाम लक्ष द्यावे असे मला वाटते. पूर्वी शत्रू, आता मात्र धर्माच्या वाटेवरचे खरे मित्र, अशा अर्थाचे एक वाक्य आहे. झेआमीने त्याचे चार तुकडे केले आणि ते आळीपाळीने दोघांच्या तोंडी दिले. रेन्शो 'पूर्वीचे शत्रू' म्हणतो, आत्सुमोरी 'आता मात्र' म्हणतो, पुन्हा रेन्शो, पुन्हा आत्सुमोरी. एकट्याला ते वाक्य पुरे करताच येत नाही.

बासरीची आठवणही अशीच दोघांत वाटलेली आहे. त्या रात्री वडील त्सुनेमोरी यांनी सगळ्यांना जमवले, गाणी म्हटली, नाच झाला, हे आत्सुमोरी सांगतो, आणि लगेच रेन्शो म्हणतो की तर मग आमच्या छावणीपर्यंत येणारे ते बासरीचे सूर तेच होते. एकाने ते आतून अनुभवले होते आणि दुसऱ्याने बाहेरून ऐकले होते. त्या रात्रीची पूर्ण आठवण जिवंत ठेवणारे दुसरे कोणी उरलेलेच नाही, आणि ती पुरी करण्यासाठी मेलेल्याला मारणाऱ्याचीच गरज पडते.

सह्यकडा

नाटकाची रचना विलक्षण आहे, याविषयी दुमत नाही. तरीही मला शेवट पटत नाही आणि का पटत नाही ते स्पष्ट लिहितो.

मारेकऱ्याच्या पश्चात्तापाच्या कथा जगाला नेहमीच आवडत आल्या आहेत, कारण त्यांत मारेकरी हाच अधिक गुंतागुंतीचा, अधिक कनवाळू आणि म्हणून अधिक महत्त्वाचा माणूस ठरतो. मेलेला सोळा वर्षांचा राहतो, सुंदर राहतो, बासरी वाजवतो आणि क्षमा करायला परत येतो. ही क्षमा कोणाच्या सोयीची आहे? ज्याने डोके कापले त्याच्या.

शिवाय इतिहास वेगळे सांगतो. युद्धानंतर मिनामोतोंनी स्थापलेल्या कामाकुरा शासनाची जी अधिकृत बखर आहे, 'आझुमा कागामी', तिच्यात 1192 सालची नोंद आहे की कुमागाई आपल्या नातेवाइकाबरोबरच्या जमिनीच्या वादात त्या शासनाचा प्रमुख मिनामोतो नो योरितोमो याच्यासमोर नीट बाजू मांडू शकला नाही, संतापला आणि तिथेच शेंडी कापून निघून गेला. म्हणजे लढाईनंतर आठ वर्षे तो योद्धा म्हणूनच जगत होता आणि त्याच्या संन्यासामागे हद्दीचा तंटा होता. आत्सुमोरीच्या शोकाने त्याला भिक्षू केले, ही गोष्ट नंतर रचलेली दिसते. मग नाटक ज्या शोकावर उभे आहे तो शोकच कल्पित ठरतो.

नेपथ्य

बखरीतली नोंद खरी आहे आणि ती इथे आणल्याबद्दल आभार. तो होनेन या थोर आचार्याचा शिष्य झाला, हेही तितकेच खरे आहे. आठ वर्षे मनात काय साचत होते ते बखर सांगत नाही आणि सांगू शकणार नाही. जमिनीचा तंटा हे निमित्त असेल, कारण असेल किंवा दोन्ही असेल. मी नाटकाचा विचार इतिहासाचा पुरावा म्हणून करत नाही, तेव्हा तो मुद्दा इथेच सोडतो.

क्षमेविषयीच्या तुमच्या आक्षेपाला मात्र नाटकाच्या संहितेतूनच उत्तर द्यावेसे वाटते. मूळ काव्यात कुमागाईची दया फार ठळक आहे. शिरस्त्राण काढणे, मुलाची आठवण, मागून येणारे स्वार, अश्रू, हे सगळे तिथे आहे आणि वाचकाचे डोळे पाणावतात ते मारणाऱ्यासाठी. झेआमीला हा प्रसंग माहीत होता, त्याच्या प्रेक्षकांना तो तोंडपाठ होता, आणि प्रसिद्ध योद्ध्यांवर नाटक लिहिताना 'हेइके'तल्या कथेला धरून राहावे असे त्यानेच लिहून ठेवले आहे. असे असूनही आत्सुमोरी जेव्हा स्वतःचा मृत्यू करून दाखवतो तेव्हा त्यात दयेचा एक क्षणही नाही. मागून आला, गाठले, पडलो, मेलो. कुमागाई थबकला होता, रडला होता, याचा त्या गाण्यात मागमूस नाही. ती माहिती मध्यंतरातल्या गावकऱ्याकडे सोपवली आहे.

मला हा अतिशय कठोर आणि न्याय्य निर्णय वाटतो. मेलेल्याच्या बाजूने पाहिले तर मारणाऱ्याचे अश्रू दिसत नाहीत; तलवार तेवढी दिसते. मारेकऱ्याला त्या दिवशीच्या दयेचे श्रेय झेआमी देत नाही. जे काही श्रेय आहे ते नंतरच्या वर्षांचे, रोज उठून नाम घेण्याचे. म्हणून तुम्ही म्हणता तसा मारेकरी इथे अधिक महत्त्वाचा माणूस ठरत नाही. नाटकाच्या उत्तरार्धात त्याला जेमतेम काही ओळी आहेत.

पूर्वरंग

या चर्चेत आश्रयदात्यांचा विचार व्हायला हवा. झेआमीला लहानपणापासून आधार दिला तो शोगुन (लष्करी शासक) आशिकागा योशिमित्सू याने, आणि आशिकागा हे स्वतःला मिनामोतो वंशाचे म्हणवत. म्हणजे प्रेक्षागृहात सर्वांत मानाच्या जागी बसलेला माणूस विजेत्यांचा वंशज होता आणि रंगमंचावर पराभूतांचा मुलगा येऊन 'तू माझा शत्रू नाहीस' असे म्हणत होता.

जपानमध्ये अन्यायाने किंवा अकाली मेलेल्यांचे आत्मे रोगराई, भूकंप आणि आगी घडवून आणतात, अशी समजूत फार जुनी आहे, आणि अशा आत्म्यांना शांत करण्याचे विधी राज्यसंस्थाच करत असे. सुगावारा नो मिचिझाने या विद्वान मंत्र्याला हद्दपार केले, तो 903 साली मरण पावला, त्यानंतर दरबारावर संकटे कोसळली आणि शेवटी त्याची देव म्हणून स्थापना करावी लागली. तायरांचे तर जवळजवळ अख्खे घराणे 1185 मध्ये दान्नोउराच्या समुद्रात बुडाले, अगदी लहानग्या सम्राटासह. त्यांच्यावर रचलेली काव्ये अंध भिक्षू बिवा हे तंतुवाद्य वाजवत गावोगाव गात, त्यामागेही या आत्म्यांना शांत करण्याचा हेतू होता, असे अभ्यासक मानतात.

तेव्हा हे नाटक ज्या समाजात निर्माण झाले तिथे सूड ही वैयक्तिक भावना नव्हती, ती एक सार्वजनिक भीती होती. सह्यकडा यांनी विचारले की ही क्षमा कोणाच्या सोयीची. माझे उत्तर असे की ती जिंकलेल्यांच्या सोयीची होतीच, आणि ते लपवायची गरज नाही. मात्र त्या सोयीसाठी सुद्धा जिंकलेल्याला गुडघे टेकून रात्रभर नाम घ्यावे लागेल, ही अट झेआमीने घातली, आणि ती अट ऐकायला शोगुन समोर बसला होता.

सुमाकाठ

मी कोबेजवळ राहतो, म्हणून या नाटकाच्या जागांविषयी थोडे लिहितो. सुमा हा आता शहराचाच एक भाग आहे. समुद्राला लागून रेल्वेमार्ग जातो, मागे लगेच डोंगर चढतो, आणि मधली सपाट जागा इतकी चिंचोळी आहे की लढाईत पळणाऱ्याला पाण्याशिवाय दुसरी वाट का नव्हती, हे नकाशाशिवाय समजते. इचिनोतानीजवळ आत्सुमोरीच्या नावाचा मोठा पाच टप्प्यांचा दगडी स्तूप आहे. सुमादेरा या देवळात त्याची म्हणून मानली जाणारी बासरी ठेवलेली आहे, आणि आवारात दोन घोडेस्वारांचे पुतळे आहेत: एक पाण्यात शिरणारा, दुसरा पंखा उंचावून त्याला हाक मारणारा.

क्योतोच्या कुरोदानी भागात होनेनशी संबंधित मोठे देऊळ आहे. तिथे कुमागाई आणि आत्सुमोरी या दोघांच्या स्मरणार्थ दगडी मनोरे समोरासमोर उभे आहेत. कोया पर्वतावरच्या विस्तीर्ण स्मशानातही या दोघांची स्मारके शेजारी शेजारी आहेत. लोकांनी या दोन नावांना वेगळे राहू दिले नाही, हे पाहिल्यावर नाटकातल्या एकाच कमळाच्या ओळीचा परिणाम किती दूरवर गेला ते लक्षात येते.

दिवेलागण

इतका वेळ दोन पुरुषांविषयीच चर्चा चालली आहे. त्या मुलाच्या आईचे काय? कुमागाईच्या बायकोचे काय? शोकाचा सर्वांत मोठा वाटा ज्यांच्याकडे गेला त्यांना या नाटकात जागाच नाही. दोन नटांची मांडणी मला आवडते, तिच्यातली एकाग्रताही मान्य आहे. पण ती एकाग्रता कोणाला तरी दाराबाहेर ठेवून मिळवलेली आहे.

हीच उणीव पुढच्या काळात कोणाला तरी जाणवली असावी, कारण 1751 मध्ये ओसाकाच्या बाहुली रंगभूमीवर 'इचिनोतानी फुताबा गुनकी' हे नाटक आले आणि लवकरच काबुकी या लोकप्रिय, भडक शैलीच्या रंगभूमीवर गेले. त्यातला 'कुमागाईची छावणी' हा अंक आजही काबुकीतल्या सर्वांत मोठ्या अंकांपैकी एक मानला जातो. तिथे कथा पार उलटवलेली आहे. आत्सुमोरीला वाचवावे असा गर्भित आदेश मिनामोतोंचा सेनापती योशित्सुने याच्याकडून आलेला असतो, आणि कुमागाई त्याच्या जागी स्वतःच्या मुलाला, कोजिरोला मारतो. छावणीत त्या दिवशी दोन बायका आलेल्या असतात: आत्सुमोरीची आई, जी सूड घ्यायला निघालेली आहे, आणि कुमागाईची पत्नी सागामी, जी मुलाची खुशाली विचारायला आलेली आहे. पेटीतले डोके दाखवले जाते तेव्हा ते कोणाचे आहे हे दोघींना एकाच क्षणी कळते, आणि दोघींनीही तोंडातून शब्द काढायचा नसतो. सूड घ्यायला आलेली आई अचानक ऋणी होते आणि भेटायला आलेली आई पुत्रहीन होते. अखेरीस कुमागाई केस काढलेल्या रूपात निघतो तेव्हा सोळा वर्षे एका क्षणासारखी गेली, स्वप्नच ते, अशा अर्थाची त्याची ओळ प्रसिद्ध आहे.

मला विचाराल तर शोकाचे खरे नाटक हे आहे. झेआमीचे नाटक शोक संपल्यानंतरचे आहे.

नेपथ्य

दिवेलागण, तुमचा आक्षेप मला मान्य आहे. आई या नाटकात नाही आणि तिच्या नसण्याचे समर्थन मी करणार नाही. वडिलांचे नाव निदान एकदा येते, तिचे तेही येत नाही.

'शोक संपल्यानंतरचे नाटक' या वाक्याशी मात्र मी सहमत होऊ शकत नाही. रेन्शो पहिल्यांदा येतो तेव्हा तो म्हणतो की हे जग स्वप्न आहे, त्यातून जागे होऊन ते टाकून देणे हेच खरे. बोलायला हे सोपे आहे आणि त्याच्या तोंडी हे शब्द जणू पाठ केलेले वाटतात. त्यानंतर तो काय करतो? टाकून दिलेल्या जगातल्या नेमक्या त्याच किनाऱ्यावर परत जातो जिथे त्याने खून केला. जो खरोखर जागा झाला असेल त्याला तिथे जाण्याचे कारण उरले नसते. रात्री भूत समोर उभे राहते तेव्हा हे स्वप्न आहे का असे तो विचारतो, आणि भूत उत्तर देते की स्वप्न कशाला असेल, जागेपणीच्या जगातले कर्म फेडायला मी आलो आहे. भिक्षूच्या पहिल्या वाक्यातली निवांत समजूत मेलेला मुलगा अशी मोडून काढतो.

पूर्वरंग

इथे मला भासाचे 'ऊरुभंग' आठवते. मांड्या मोडलेला दुर्योधन मरणाच्या दारात आहे, बलराम सूडासाठी पेटला आहे आणि दुर्योधन स्वतःच त्याला आवरतो. वैर संपले असे मरणारा म्हणतो. तरीही अश्वत्थामा येतो, रात्रीच्या संहाराची प्रतिज्ञा करतो, आणि पुढे काय झाले ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. म्हणजे मरणाऱ्याने क्षमा केली तरी मागे राहिलेल्यांचा सूड थांबत नाही. 'आत्सुमोरी'त मागे राहिलेला कोणी अश्वत्थामा नाही, कारण तायरांत सूड घेऊ शकेल असे कोणी उरलेलेच नाही. तिथे सूड थांबतो यामागे हेही एक कठीण सत्य आहे.

सह्यकडा

पूर्वरंग यांचा हा मुद्दा माझ्या मनातल्या गोष्टीच्या सर्वांत जवळचा आहे. सूड घ्यायला कोणी उरले नाही, तेव्हाच क्षमेचे नाटक लिहिता येते. नेपथ्य यांनी संहितेतून दाखवलेली गोष्ट, म्हणजे खुनाच्या प्रसंगातून मारेकऱ्याची दया वगळणे, ही मात्र माझ्या वाचनातून निसटली होती, आणि तिच्यामुळे माझा आक्षेप बराच सौम्य झाला आहे. तो पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. उगारलेली तलवार खाली येत नाही, त्या क्षणी आत्सुमोरीने काय सोडले आणि त्याला काय मिळाले, हा हिशेब मला अजून लागत नाही.

नेपथ्य

तो हिशेब नाटक पुरा करत नाही, असे मला वाटते. शेवटची ओळ पुन्हा पाहा. 'मी तुला क्षमा केली' असे आत्सुमोरी म्हणत नाही. तो म्हणतो की हा शत्रू नव्हे, आणि लगेच मागणे मागतो की माझ्यासाठी प्रार्थना करीत राहा. नाटक मागण्यावर संपते. रेन्शोला यातून सुटका मिळत नाही; उलट आता ज्याला मारले त्यानेच हे काम त्याच्यावर सोपवले आहे आणि ते मरेपर्यंत करायचे आहे. आत्सुमोरीला काय मिळाले, तर आपल्याला न विसरणारा एक माणूस. तो मारेकरीच असावा, हे या नाटकातले सर्वांत दुखरे सत्य आहे. घराणे बुडाले, बाप गेला, होड्या दूर निघून गेल्या आणि आठवण ठेवणारा उरला तो एवढाच.

चिपळी

हे सर्व वाचून असे वाटते की मराठीत याचे अभिवाचन तरी व्हावे. दोन नट, एक बासरीवादक आणि दोन-तीन गायक एवढ्यात ते बसेल का? नोहचे नृत्य आणि मुखवटा नसताना काय उरेल, याची मात्र शंका आहे.

नेपथ्य

बसेल, असे मला वाटते, आणि नोहची नक्कल करण्याचा प्रयत्न न केल्यास अधिक चांगले बसेल. त्या शैलीचे शिक्षण लहानपणापासून चालते, तेव्हा दोन महिन्यांच्या तालमीत ते चालणे किंवा तो आवाज आणू नये. संहितेत जे आहे ते जपावे. पहिली गोष्ट, दोघांत वाटलेली वाक्ये वाटलेलीच ठेवावीत. सोयीसाठी एकाच्या तोंडी देऊ नयेत. दुसरी, मृत्यूच्या प्रसंगात 'हेइके'तली दया घुसवण्याचा मोह प्रत्येक दिग्दर्शकाला होईल, तो टाळावा. गावकऱ्याचे निवेदन गाळू नये, कारण ती दया सांगण्याची जागा तीच आहे. काही पाठांत तो गावकरी कुमागाईला शिव्याशाप देतो आणि मग समोरचा भिक्षू आपले नाव सांगतो. तो प्रसंग जरूर ठेवावा.

नट निवडताना मात्र उलटा विचार करावा लागेल. सगळ्यांचे लक्ष आत्सुमोरीच्या भूमिकेकडे जाईल, कारण गाणे, नाच आणि तलवार त्याच्याकडे आहे. माझ्या मते अधिक कसलेला नट रेन्शोसाठी हवा. उत्तरार्धाचा बहुतेक वेळ त्याला खांबापाशी बसून स्वतःच्या हातून झालेला खून दुसऱ्याने करून दाखवलेला पाहायचा आहे, मुखवट्याशिवाय, उघड्या चेहऱ्याने, आणि त्या चेहऱ्यावर काहीही 'दाखवायचे' नाही. तोक्योच्या सेंदागाया भागातील राष्ट्रीय नोह नाट्यगृहात प्रत्येक आसनासमोर छोट्या पडद्यावर भाषांतर येते. ज्यांना शक्य असेल त्यांनी तिथे हा प्रयोग पाहताना शेवटच्या नृत्याच्या वेळी नजर काही क्षण तरी वाकीकडे वळवावी. तुम्ही अभिवाचनाचे खरोखर मनावर घेतलेत तर संहितेच्या मराठी रूपावर मी काम करायला तयार आहे. सुरुवात गवत्यांच्या संवादापासून करू, कारण तो भाग सर्वांत हलका आहे आणि आवाजांची जुळणी तिथे लवकर होईल.